हलिना पहिली जायची

हलिनाला तिच्या मास्तराने फसवले. एकही शब्द न मोडता फसवले, त्यामुळे त्याच्याकडे कधी कोणी बोट दाखवले नाही. माझी बायको जुलेखा म्हणते, कोणी कोणाला फसवलेले नाही, तुम्हाला जिथे तिथे सौदा दिसतो. दिसतो. सौद्याच्या जोरावरच मी दाभोळच्या खाडीतून निघून दुबईत देऱ्याच्या खाडीवर वखार उभी केली. समोरचा कोणाला कशात गुंडाळतो आहे हे ओळखता आले नसते, तर आजही डोक्यावर वासे वाहत असतो.

हलिना पहिल्यांदा वखारीत आली तेव्हा दुबईत दिरहम नव्हता, रुपयाच चालायचा. माझ्याकडे छपरांसाठी आफ्रिकेचे चंदलचे वासे असत आणि लाँच बांधणाऱ्यांसाठी मलबारचे सागवान. एक दिवस दुपारी उंच, उन्हाने नाक सोललेला गोरा माणूस आला. नाव यानेक. पोलंडचा इंजिनियर, पाण्याच्या बोअर मारणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे त्याच्या सरकारने त्याला कराराने दिला होता. त्याच्या मागे त्याची बायको, ठेंगणी बाई. खांदे हमालाचे, कंबर पोरीची, वय तिशीच्या आसपास. तिला सोळा फूट लांब आणि चार इंच रुंद तुळई हवी होती.

मी उत्तम सागवान काढून दिले. तिने बूट काढले, मोजे काढले आणि जमिनीवर ठेवलेल्या त्या तुळईवर अनवाणी चालत गेली. टोकाला पोचून मान हलवली. नको. दुसरी काढली. नको. तिसऱ्या तुळईला माझे डोके फिरले.

"बाई, हा माल जहाजाला लावतात! बसऱ्यापर्यंत जाऊन येतो!"

ती म्हणाली, "जहाजाला पाय नसतात."

तेव्हा तिचे हिंदी दहा-वीस शब्दांचे होते, पण जे होते ते नेमक्या जागी पडायचे. शेवटी तिला पसंत पडली ती एक जुनी, लाँचमधून काढलेली तुळई. समुद्राचे पाणी पिऊन पिऊन तिचा पोत मऊ झाला होता. मी ती जळणात काढणार होतो. अर्थात तिला तसे सांगितले नाही, भाव सागवानाचाच सांगितला. तिने घासाघीस केली नाही. यानेकने करायला तोंड उघडले तर त्याचा दंड धरून त्याला गप्प केले. असल्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. घासाघीस न करणारा माणूस आपल्याला चोर ठरवून जातो.

मग तिने दुसरी मागणी केली. तुळई घरी न्यायची नव्हती, घरात जागा नव्हती. ती माझ्याच गोदामात, माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवून हवी होती. दुपारी जोहरच्या नमाजापासून असरच्या नमाजापर्यंत सगळा बाजार झोपलेला असतो, गोदाम बंद असते. त्या वेळात तिला तिथे सराव करायचा होता. तेव्हा मला कळले की ही बाई आपल्या देशाच्या संघातून जिम्नॅस्टिक्स खेळायची. उड्या मारायची, दांड्यांना लोंबकळायची, आणि या चार इंचांवर कोलांट्या घ्यायची. नवऱ्याबरोबर वाळवंटात आली म्हणून खेळ सुटला होता. पण पुढच्या वर्षी युरोपात मोठी स्पर्धा होती आणि तिला शेवटचे एकदा त्या संघात जायचे होते.

परक्या बाईला बंद गोदामात एकटीला येऊ देणे बरे दिसले नसते. म्हणून मी जुलेखाला तिच्यासोबत बसवले. जुलेखा गावाहून येऊन वर्षही झाले नव्हते, दिवसभर घरात कोंडून कंटाळली होती. पहिल्या दिवशी घरी येऊन ती नुसती बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"अवो, ती बाई हातावर उभी रायली. त्या फळीवर. आनि पाय असे दोन बाजूला." तिने दोन बोटांनी दाखवले आणि लाजून हात पदराखाली घेतला. "नवरा काय म्हनत असंल?"

"नवरा बोअर मारतो. त्याला काय म्हणायला वेळ आहे?"

पत्र्याखाली त्या वेळी भाकरी भाजली असती. त्यात ती काळा, पूर्ण बाह्यांचा घट्ट पोशाख घालून सराव करायची. हाताला लावायची पांढरी भुकटी संपली तेव्हा जुलेखाने तिला तांदळाचे पीठ दिले. दुसऱ्या दिवशी तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्यांची रांग. हलिना रांग पाहून म्हणाली, "या माझ्यापेक्षा सरळ चालतात." मग तिने तुळई पुसून काढली आणि बिनभुकटीची चढली.

पळत येऊन पार करायचा घोडा तिथे नव्हता. त्याऐवजी ती तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीवरून उडायची. दांड्यांसाठी मी दोन भिंतींमध्ये चंदलचे वासे बसवून दिले, एक वर, एक खाली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते जुलेखाने विचारले तेव्हा मी तिच्यावर खेकसलो.

तिच्या काही सवयी मला कधी उमगल्या नाहीत. खुर्चीत बसली तरी पाठ टेकायची नाही. खजूर खाताना आधी उभा चिरायची, आत बघायची, मग खायची. कशालाही छान म्हणायची नाही, फार तर "चालेल". जुलेखाच्या हातच्या सांदणांनाही "चालेल" म्हणाली, आणि सात खाल्ली. तुळईवरून उडी मारून खाली आली की दोन्ही हात वर करून, हनुवटी उचलून, गोदामाच्या भिंतीकडे बघून हसायची. रोज. एकदा जुलेखाने मला विचारले, "ही कोनाला बगून हसते?"

मी हलिनालाच विचारले. ती म्हणाली, "पंचांना."

"इथे कुठे पंच?"

"नसतील. पण हसले नाही तर गुण कापतात."

ती पडत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा गोदामाच्या दाराबाहेर एका इराणी नाखव्याशी माझी जुंपली होती. भिजलेला माल माझ्या गळ्यात मारायला आला होता. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्याने माझ्या आठ. रागाच्या भरात मी दारावर लाथ मारली, आणि आत भिंतीला टेकवलेले वासे धडाधड कोसळले. मी घाबरून दार उघडले. जुलेखा कोपऱ्यात कानांवर हात घेऊन बसली होती. तुळईवर हलिना हातांवर उलटी उभी होती, वाशांची धूळ तिच्याभोवती उडत होती. तिने तसेच उलटे राहून माझ्याकडे पाहिले, सावकाश पाय खाली घेतले आणि म्हणाली, "दाऊदभाई, मी पडत नाही. पण जुलेखा पडेल. यल्ला, बाहेर जाऊन भांडा."

त्याच आठवड्यात, असरनंतर वखारीच्या पायरीवर चहा घेताना, मी तिला विचारले की इतकी पक्की आहेस तर आजवर पदके किती मिळवलीस? यानेक हसला. ती हसली नाही. म्हणाली, संघाची मिळाली, स्वतःची एकही नाही.

"का?"

मग तिने समजावले. संघात सहा मुली. प्रत्येक साधनावर एकामागून एक जातात. कोण कितवी जाणार हे मास्तर ठरवतो. पंच पहिल्या मुलीला कधी वरचे गुण देत नाहीत, कारण मागून पाच यायच्या असतात. तिलाच सगळे देऊन टाकले तर मागच्यांना काय देणार? म्हणून पहिलीला हात राखून देतात, दुसरीला थोडे जास्त, आणि सहावीपर्यंत हात सैल होतो. म्हणून मास्तर सर्वांत चमकदार मुलगी शेवटी ठेवतो.

"आणि पहिली?"

"पहिली जी पडणार नाही ती. पहिली पडली तर सगळ्यांचे पाय कापतात. म्हणून मी पहिली. अकरा वर्षांची असल्यापासून हा मास्तर मला ओळखतो. बीमवर, म्हणजे तुळईवर, मी नेहमी पहिली."

बाजारातल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. सकाळच्या बोहनीचे गिऱ्हाईक परत पाठवायचे नसते, म्हणून त्याला भाव पाडून देतो आणि मग दिवसभर वसूल करतो. ही बाई वर्षानुवर्षे आपल्या संघाची बोहनी होती. माल चोख होता म्हणूनच स्वस्तात जात होता.

मला त्याचा इतका राग का यावा, असे यानेकने विचारले. त्याला मी सांगितले नाही, इथे सांगतो. मी धक्क्यावर हमाल होतो तेव्हा लाँचला लावलेली ओली फळी धरेल की नाही हे बघायला मुकादम माझ्या पाठीवर ओझे देऊन मला पहिला चढवायचा. कारण माझा पाय घसरत नसे. मागून येणाऱ्या चाळीस जणांना जी मजुरी, तीच मला. मी घसरत नाही याची किंमत कोणी दिली नाही, ती मीच पुढे वसूल केली. हलिनाला वसूल करता येत नव्हते.

म्हणून मी तिला सौदा शिकवायला घेतला. पहिला आकडा आपण बोलायचा नाही. समोरचा बोलला की गप्प राहायचे. गप्प राहणे त्याला सहन होत नाही. तिने हे मासळीबाजारात करून पाहिले. एका ओमानी कोळ्यासमोर सुरमईवर नजर ठेवून नुसती उभी राहिली. कोळ्याने भाव निम्म्यावर आणला. ती उड्या मारत वखारीत आली, अक्षरशः.

"शाब्बास! मग निम्म्यात घेतली ना?"

"नाही. पूर्ण दिले."

"का?"

"त्याचे तोंड उतरले होते."

मी कपाळावर हात मारला. जुलेखा पदर तोंडात धरून हसत होती. "तुमची शागीर्द," ती म्हणाली, "तुमचं दुकान बुडवील."

तरी मी नाद सोडला नाही. मास्तराचे बोलावणे आले, निवड चाचणीला ये, तुझी जागा रिकामी आहे. बोलावणे आपल्या पायांनी चालत आले होते, म्हणजे गरज त्याला होती. मी हलिनाला म्हटले, आता एक अट घाल. बीमवर मी सहावी जाईन, नाहीतर येणार नाही. तिने आयुष्यात कधी अट घातली नव्हती. दोन दिवस तिने तुळईला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी यानेककडून निरोप पाठवला, जसा मी सांगितला तसा. उत्तर आले, कबूल. तू निवडली गेलीस तर सहावी. मास्तराचा शब्द.

यानेक मला म्हणाला, हा माणूस शब्द मोडत नाही. मी म्हटले, तीच तर भीती आहे. शब्द मोडणाऱ्याला पकडता येते.

जाण्याआधी शेवटच्या दुपारी तिने जुलेखाला आणि मला समोर बसवून सगळे करून दाखवले. मला त्यातले काही कळत नाही. एवढेच सांगतो की त्या तुळईवर ती वळली तेव्हा मला तुळई दिसली नाही, आणि खाली उतरून ती हसली तेव्हा पंच म्हणून आम्ही दोघे होतो. जुलेखा रडली. मी म्हटले, "चालेल." हलिनाला ते फार आवडले.

ती परत आली तेव्हा रुपया जाऊन रियाल आला होता, बाजारात नुसता गोंधळ होता. तशात ती एक दिवस दुपारी दारात उभी. मी गल्ला टाकून उठलो. जुलेखाला बोलावले. हलिना स्टुलावर बसली, पाठ सरळ, आणि तिने बोअरच्या कामाचा हिशेब द्यावा तसे सगळे सांगितले.

चाचणीत ती दुसरी आली. संघात गेली. स्पर्धेच्या सकाळी मास्तराने सर्वांसमोर क्रम वाचला. बीमवर हलिना सहावी. पहिली जाणार होती एक सोळा वर्षांची पोर, पहिल्यांदाच देशाबाहेर आलेली. मग सगळ्या बाकावर जाऊन बसल्या. मास्तराने त्या पोरीला उठवले, आणून हलिनाच्या शेजारी बसवले आणि म्हणाला, मी पाणी घेऊन येतो.

"बस? एवढंच?" मी विचारले.

"एवढंच. तो गेला. तिचे दात वाजत होते. माझ्या खांद्याला तिचा खांदा लागत होता, तो हलत होता."

"मग?"

"तो पाणी घेऊन आला. मी म्हटले, बीमवर मी पहिली जाते, हिला सहावी घाला."

"आणि तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, तुझी मर्जी."

मी उठून उभा राहिलो. तुमची मर्जी! हे वाक्य मी माझ्या वखारीत हजारदा म्हटले आहे. गिऱ्हाईक आपल्या पायांनी जाळ्यात आले की मगच ते म्हणायचे असते. त्याच्या आधी म्हटले तर तो पळतो. मी अरबीत, हिंदीत आणि आमच्या खाडीकडच्या भाषेत त्या मास्तराला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

हलिना म्हणाली, "दाऊदभाई, त्याने मला काही सांगितले नाही. मी स्वतः म्हटले."

"तेच तर!" मी ओरडलो.

ती पहिली गेली. तुळईवर केसभर हलली नाही. उतरली ती खिळ्यासारखी, आणि हसली. गुण आले ते पहिलीला येतात तेवढे. ती पोर सहावी गेली, मध्ये एकदा डगमगली, सावरली, आणि हलिनापेक्षा जास्त गुण घेऊन उतरली. संघाचे काम झाले. एकेका साधनाची वेगळी अंतिम फेरी असते, तिथे सहा जणी जातात. त्या सहांत पोर गेली. हलिना सातवी. तिशी उलटलेल्या बाईला पुढची स्पर्धा नसते.

जुलेखाने विचारले, "आनि ती पोर? ती काय बोलली तुमाला?"

"तिने मला मिठी मारली. तिला वाटले मी तिचे भले केले. केलेच."

त्यानंतर जुलेखा आणि माझे जे भांडण सुरू झाले ते अजून मिटलेले नाही. तिचे म्हणणे, त्या बाईने आपल्या मनाने दिले, देणाऱ्याला कोण फसवणार? तुम्ही घ्यायलाच शिकलात, म्हणून तुम्हाला देणे दिसत नाही. माझे म्हणणे, त्या मास्तराने तिला अकरा वर्षांची असल्यापासून पाहिले होते. सुरमईचा पूर्ण भाव देणारी बाई आहे हे त्याला माझ्याआधी ठाऊक होते. त्या बाकावर बसायला इतरही जागा होत्या. घाबरलेले पोर कोणाच्या शेजारी बसवायचे हे ज्याला कळते त्याला बोलावे लागत नाही. मीही कधीकाळी दया यावी म्हणून गिऱ्हाइकासमोर हमालाचे पोर उभे केले आहे, पण मी विकत होतो लाकूड.

आमची नात इथल्याच नव्या वस्तीत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. टीव्हीवर हा खेळ लागतो तेव्हा मी तिला हे सांगू लागतो. ती मोबाइलमधून डोके न काढता म्हणते, "नाना, इट्स जस्ट स्पोर्ट. शी हॅड अ चॉइस." मी म्हणतो, चॉइस कोणी मांडून ठेवला ते बघ. ती म्हणते, "ओके, नाना."

स्पर्धेहून परतल्यावर हलिना गोदामात सरावाला आली नाही. दुपारी जुलेखाकडे यायची, दोघी भाजी चिरायच्या, जुलेखा तिला आमची भाषा शिकवायची. यानेकचा करार संपला तेव्हा मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. रस्ता म्हणजे नुसती वाळू. त्यांची लँड रोव्हर अर्ध्यात रुतली. मी, यानेक आणि बलुची ड्रायव्हर धक्का मारू लागलो. हलिना आमच्या मध्ये घुसली, खांदा लावला, आणि गाडी एका झटक्यात बाहेर आली. ड्रायव्हरने तिच्याकडे बघून तोंडात बोट घातले.

यानेक आणि ड्रायव्हर चाकाखालच्या फळ्या उचलायला गेले. ती गाडीला टेकून बुटातली वाळू झाडत होती. इतके महिने विचारायचे राहिलेले मी तेव्हा विचारले.

"बाई, खरे सांगा. मास्तराने तुम्हाला तोंडाने विचारले असते, की हलिना, तू पहिली जाशील का, तर?"

तिने बूट उलटा करून झटकला, आत हात घालून पाहिले, पायात घातला.

"विचारले असते तर नाही म्हटले असते," ती म्हणाली. "मला सहावी जायचे होते, दाऊदभाई. फार जायचे होते."

मग ती गाडीत चढली. मागच्या काचेतून तिची सरळ मान धुळीत दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो.

तो मास्तर आता जिवंत असेल की नाही, मला ठाऊक नाही. नसेल तर त्याच्या बाजूने ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे, त्याच्या संघातल्या कोणी, त्याच्या घरच्या कोणी. शब्द पाळला, मर्जी तिची होती, हे मला सांगू नका, ते मला पाठ आहे. मला एकाच गोष्टीचा जबाब हवा आहे. तिला विचारले का नाही?